अंधाऱ्या खोलीत पांढरं नको!

आम्ही जुनी मंडळी जमलो अन् बिराजदार सरांचं नाव निघालं, की चहा गार होतो, किस्से संपत न्हाईत. उमरग्याच्या नव्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. कसले धक्के खाल्ले, बापरे!

*

सरांना एकच नाद. सातूच्या पिठाच्या पाण्यातला चिकट पदार्थ मोजायचा. तो साखरेचाच भाऊबंद, पण गोड बिलकुल न्हाय. त्या पाण्यात एक पावडर टाकायची, अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावायचा, की नळी निळी चमकायची. जास्त चमक, जास्त पदार्थ.

पावडर कसली? कपडे शुभ्र करायची! गावातले परीट तीच वापरायचे. मी हादरलोच.

"सर, हे सायन्स आहे का धुणं?"

"दोन्हीत हात स्वच्छ पायजेत," सर म्हणाले.

*

एकदा नुसत्या पाण्याची नळीही चमकाय लागली. सरांनी विहीर बदलली, माकणी गावाहून पाण्याची घागर आणवली. तरी चमकतेच!

मग सर दिव्यासमोर उभे राहिले. बघतो तर काय, मुंडकं न्हाय, हात न्हाईत, नुसता सदरा उभा! शिपाई महादप्पा "अय्यो!" करून पळाला. परटानं त्याच पावडरनं धुतलेल्या सदऱ्याचा उजेड नळीवर पडत होता. त्या दिवसापासून हुकूम सुटला, पांढरं दिसलं की बाहेर.

*

मग आम्ही काळी घोंगडी पांघरून बसायचो. प्राचार्यांनी डोकावून पाहिलं अन् कपाळाला हात लावला.

"हे डिपार्टमेंट आहे का मेंढवाडा?"

*

अन् मग मान्यतेची कमिटी आली. मान्यता हुकली तर बी.एस्सी. बंद, पोरं सोलापूरला अन् सर घरी.

अध्यक्ष नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत! दिवा लागला. नुसतं पाणी लखलखलं.

"पाण्यातही पदार्थ आहे वाटतं?" अध्यक्षांनी भुवई चढवली.

सर शांतपणे म्हणाले, "साहेब, कपडे काढा."

प्राचार्य दारातच मटकन बसले. अध्यक्षांनी सरांकडं बघितलं, नळीकडं बघितलं अन् कोट काढला, सदरा काढला. चमक कमी झाली, पण गेली न्हाय.

सरांनी हात जोडले. "साहेब... धोतर बी."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. बाहेर हार घेऊन पोरं उभी. अध्यक्ष घोंगडी गुंडाळून आले, हातात नळी.

"मान्यता दिली! पाणी आता काळं ठिक्कर दिसतंय. माझं धोतर द्या."

सरांनी महादप्पाकडं बघितलं.

"परटाकडं धाडलं की! तुमीच म्हणलाव, पांढरं दिसलं की भाईर!"