पैठण रस्त्यावरची काळी शेरवानी

“मामा, शेरवानी काढा! आधी ती शेरवानी काढा!” चालत्या सायकलवरून मागं वळून मी असा बोंबललो, की रस्त्याकडेची कुत्री भुंकायची थांबली.

चितेगावच्या कारखान्यातून सुटलो की आम्ही गारखेड्याचे पाचजण अंधारात एका रांगेत सायकली हाणायचो. पाचांत डायनामो एकच, तो पुढं. मागचा लाल दिवा कुणालाच नव्हता. त्या जागी आमच्यातलेच थोरले, मामा. धोतर, सदरा, फेटा सगळं इतकं पांढरं की ट्रकवाले फर्लांगभर अलीकडूनच वेग आवरायचे. मामा शेवटी असले की आम्ही बिनघोर.

त्या दिवशी मामा जमिनीची तारीख करून, कोर्टातूनच कामावर आले होते. कोर्टात जायचं तर वडिलांची निजामाच्या काळातली काळी शेरवानी घालायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. खाली राखाडी सुरवार, डोक्याला काळी टोपी. सुटल्यावर सवयीनं ते रांगेत शेवटी लागले आणि सवयीनंच आम्ही निघालो. मध्येच हॉर्न ऐकून मी वळलो, तर मामांच्या जागी नुसता अंधार पायडल मारत होता आणि त्याच्यामागून परातीएवढे दोन दिवे धावत येत होते. कडेला खडीचे ढीग, उतरायला जागा नाही.

“काढू कशाला? थंडी लई हाय रे!”

“थंडी ऱ्हाऊ द्या! ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाय!”

मामांनी एकदा मागं पाहिलं. मग त्या साठीच्या माणसानं हँडलवरचे दोन्ही हात सोडले. शेरवानीला बटणं तरी किती, पार गळ्यापासून! त्यांनी एकच हिसका दिला. बटणं गोफणीतून सुटल्यासारखी उडाली. एक माझ्या कानाजवळून सूं करत गेलं, ते अजिंठ्याच्या अलीकडं पडलं नसणार. शेरवानी वटवाघळासारखी मागं गेली आणि ट्रकच्या उजेडात आतला पांढराशुभ्र सदरा असा पेटला, की रस्त्यावर चंद्र उगवला. सायकल मात्र सुतासारखी सरळ. मी जन्मभर थापा मारत आलो, पण तो उजेड आठवला की अजून वाचा बसते.

ब्रेक करकचले. ट्रक मामांच्या मागच्या चाकाशी हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला.

“चाचा, आप एकदम किधर से आ गए?”

मामांनी टोपी सारखी केली.

“चितेगावहून.”