पाणियाऱ्यावरचे घड्याळ

सत्तरचे दशक संपत आले होते. त्या वर्षी वैशाखात थोरल्या बहिणीचे लग्न झाले आणि जावयाला काटे नसलेले घड्याळ दिले गेले. खानदेशातून उधन्याला येऊन मिलमध्ये लागलेल्या आमच्यासारख्या घरांत, जावयाच्या मनगटावर सासऱ्याने घड्याळ बांधायचे असा रिवाज होता. हे घड्याळ आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून घेतलेले. राखाडी काचेवर काळे आकडे उमटत. मांडवात ते पाहायला माणसे उठून येत होती.

दिवाळीपर्यंत घड्याळाबद्दल तक्रार नव्हती. थंडी पडल्यावर चलथाणहून, बहिणीच्या सासरहून, निरोप आला की पहाटे आकडे दिसत नाहीत. दाजी तिथल्या साखर कारखान्यात रात्रपाळी करत. पहाटे घरी येऊन घड्याळ हातात घ्यावे, तर काच जवळजवळ कोरी.

मी ते स्टेशनजवळच्या घड्याळजीकडे दोनदा नेले. दोन्ही वेळा त्याने काच पुसली, कानाशी धरले, त्यातून आवाज येत नाही हे आठवून हसला आणि म्हणाला, "अरे भाई, आ तो बराबर चाले छे." आकडे खरोखर ठळक होते. घड्याळ परत गेले की दुसऱ्या पहाटे पुन्हा कोरे.

बहिणीच्या सासूबाई शेजारणींसमोर म्हणू लागल्या, "व्याहीसनी आंधळी घडी दिनी." पुढे त्या असेही म्हणाल्या की, दुसरी घडी येईल तेव्हाच सून बाळंतपणाला माहेरी जाईल. बहिणीला सातवा महिना होता. हे थट्टेत म्हटले की मनापासून, ते आमच्या घरात कोणालाच सांगता येईना. दुसरे घड्याळ घेणे वडिलांच्या आवाक्यात नव्हते. आई रोज एकदा तरी विचारी, "पाठवतील ना रे तिला?"

वर्तमानपत्राच्या कचेरीत मी तेव्हा नुकताच लागलो होतो. बातमी कळली की कधी, कुठे, कोणासमोर हे विचारायचे, एवढे तिथे शिकवले होते. घड्याळाबद्दल हे कोणी विचारलेच नव्हते. पौषातल्या एका शनिवारी मी चलथाणला मुक्कामाला गेलो.

पहाटे उठलो तेव्हा बाहेर उसाच्या शेतांवर धुके होते. दाजी अजून यायचे होते. घड्याळ कुठे असते, असे विचारल्यावर बहिणीने पाणियाऱ्याकडे बोट दाखवले. दगडी ओट्यावर पाण्याचे माठ होते आणि दोन माठांच्या मधे, ओलसर फडक्यावर, घड्याळ ठेवलेले होते.

"इथे कोणी ठेवलं?"

"आईंनी. विकणाऱ्यानं सांगितलं होतं ना, गरमीनं खराब होतं म्हणून. हे बॉयलरजवळ असतात, म्हणून कामावर नेत नाहीत. आई रोज रात्री फडकं ओलं करून ठेवतात."

घड्याळ उचलले. स्टीलचा पट्टा हाताला झोंबला. काचेवर फिकट सावल्या होत्या, आणि सेकंदाचा एक आकडा जायच्या आत दुसरा त्याच्यावर चढत होता. मी ते मुठीत घेऊन काखेत धरले. बहीण चुलीपाशी उभी राहून पाहत होती. थोड्या वेळाने मूठ उघडली. पाच वाजून एकेचाळीस मिनिटे. आकडे काळेभोर.

घड्याळ माझ्या खिशातून, उन्हातून घड्याळजीकडे जाई. तिथे पोचेपर्यंत ते बरे झालेले असे.

बहीण हळू आवाजात म्हणाली, "आईंना सांगू नको."

"मग घड्याळ सुधारणार कसं?"

"तू सांगशील आणि गाडीत बसशील. मला इथंच राहायचंय. त्यांनी किती जपलंय ते."

सासूबाई मागे कळशी घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, ते कळले नाही. बहिणीने पदर सारखा केला. त्यांनी कळशी खाली ठेवली, माझ्या हातातले घड्याळ घेतले, आकड्यांकडे पाहिले, मग पाणियाऱ्यावरच्या फडक्याकडे.

"भाऊ, हिले थंडी वाजत व्हती का?"

"हो मावशी. आतला सेलही कमजोर असेल."

"आणि मी येडी रोज हिले आंघोळ घालस." त्या हसल्या नाहीत. त्यांनी सुनेचा हात ओढला, बांगड्या वर सरकवल्या आणि घड्याळ तिच्या मनगटावर चढवले. "रातले तुनाजवळ ठेव. तुनाजवळ दोन जीवनी ऊब शे."

सोमवारी मी घड्याळ पुन्हा घड्याळजीकडे नेले. या वेळी शेजारच्या सोडावाल्याकडून बर्फाचा तुकडा मागून घेतला, घड्याळ कागदात गुंडाळून त्यावर ठेवले आणि घड्याळजीला थांबायला सांगितले. चहा संपेपर्यंत आकडे विरले. "हवे समज्यो," आता कळले अशी मान हलवत तो म्हणाला आणि त्याने सेल बदलला. नव्या सेलवर बर्फातही आकडे बरेच टिकले. अगदी ठळक नव्हते, पण वाचता येत होते.

माघ लागल्यावर मी बहिणीला आणायला गेलो. थंडी सरली नव्हती. तिची पिशवी आदल्या दिवसापासून भरलेली होती. वर मेथीचे लाडू आणि जुन्या लुगड्यांची चार दुपटी. सासूबाईंनी ती दुपटी मला दोनदा उघडून दाखवली. निघताना बहिणीने घड्याळ काढून त्यांच्यापुढे धरले.

"आई, आता हे कोण सांभाळणार?"

"मी." त्यांनी ते आपल्या मनगटावर चढवले. सैल होते म्हणून कोपराजवळ सरकवले आणि वरून पदर घेतला.

"तुम्हाला आकडे कुठं येतात?" बहीण म्हणाली. सासूशी तिला असे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले.

"नही येत. पन आकडा काळा शेतस का नही, इतलं दिखस मले." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "जपी न्या, भाऊ. गाडीमा वारा लागस, तिले खिडकीजवळ बसाडू नका."