पालीच्या बोटीवरची देवी

दशरथ पेंटरच्या पोटावर पाय मीच दिला, हे आधीच कबूल करतो. भाईंदर पश्चिमेला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यात मी फ्लेक्सचं मशीन आणलं आणि बाजारातल्या पाट्या हातानं रंगवणारा हा माणूस रिकामा झाला. दुसरा कोणी असता तर माझ्या दुकानाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. दशरथ मात्र रोज दुपारी येतो, माझाच चहा पितो आणि माझ्याच फ्लेक्सवरच्या अक्षरांना नावं ठेवतो. मी चिडतो, त्याला पत्ता नसतो.

माणूस मुळात असाच, अर्धा इथे आणि अर्धा कुठेतरी. कोथिंबीर आणायला पाठवला तर खाडीवरच्या आभाळाचा रंग बघत उभा राहील आणि रिकाम्या हातानं परत येईल. त्याची बायको सुचेता म्हणायची, मी माणसाशी नाही, ढगाशी लग्न केलंय. ती स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात होती. घर तिच्यावर चालायचं आणि घरातला आवाजही तिचाच. तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मुलगी साक्षी तेव्हा दहा वर्षांची होती. पोरगी रडली नाही. लोक म्हणाले, किती समजूतदार. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

साक्षी पुस्तकात शिरली. शाळेच्या वाचनालयातून तिनं ग्रीक देवांच्या गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि ते संपल्यावर स्वतःच लिहायला बसली. शाळा सुटली की दुकानात यायची आणि वहीतलं माझ्या कॉम्प्युटरवर टाइप करायची. तिच्या गोष्टीतले ग्रीक देव मीरा-भाईंदरला राहायला आले होते. पायाला पंख असलेला निरोप्या देव पूनम सागरच्या इमारतींमध्ये जेवणाची पार्सलं पोचवायचा आणि लिफ्ट बंद असली तरी त्याचं काही अडायचं नाही. एकडोळ्या राक्षस एका सोसायटीत वॉचमन होता. पाताळाचा दरवाजा मिठागरांच्या खाली होता आणि तिथे तीन तोंडांचा कुत्रा झोपलेला असायचा.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती टाइप करता करता मोठ्यानं वाचायची. मी ऐकत असायचो. मग दुसऱ्या दिवशी दुकानात येताना मिठागरांकडे नजर जायची, तर ती पांढरीशुभ्र, उन्हात हलणारी जमीन पाहून खरंच वाटायचं की खाली कोणीतरी कूस बदलली. या वयात मला हे असलं काही होईल असं वाटलं नव्हतं. पण व्हायचं, आणि बरं वाटायचं.

त्या गोष्टीतली समुद्राची देवी होती एका मुलीची आई. तिला पाताळात नेलेलं असतं. ती खाली असते तोवर मासळी येत नाही, म्हणून जून-जुलै मासेमारी बंद. मूळ ग्रीक गोष्टीत मुलगी हरवते आणि आई शोधते, असं मला वाटत होतं. मी तसं म्हणालो, तर साक्षी म्हणाली, त्यांनी उलटं लिहिलंय.

मग एक दिवस गोष्ट अडली. मुलगी आईला आणायला खाडीपाशी येते. तिथला नावाडी म्हणतो, जिला आणायचं तिचा चेहरा सांग, तरच नेतो. साक्षीनं एवढं लिहिलं आणि थांबली. वीस दिवस एक ओळ पुढे नाही. मी आपलं शहाणपण शिकवलं. मोठे डोळे लिही, सरळ नाक लिही, तपासायला कोण बसलंय. तिनं की-बोर्डवरून हात काढले.

"काका, मला आईचा चेहरा आठवत नाहीये. फोटो आठवतो फक्त."

त्यांच्या घरी फोटो होते, नाही असं नाही. पण सगळे लग्नाकार्यातले. मान ताठ, तोंड बंद. कॅमेरा दिसला की सुचेता शिपायासारखी उभी राहायची. घरात ओरडणारी, हसणारी बाई त्यातल्या एकातही नव्हती.

मी दशरथला गाठलं आणि झापलं. जन्मभर देवांची तोंडं रंगवलीस, पोरीला एक चेहरा काढून देता येत नाही? तो चहाच्या ग्लासात बघत म्हणाला की तीन वर्षं काढतोय, दर वेळी फोटोच उतरतो. मला माझीच लाज वाटली.

जुलैत त्याला उत्तनजवळच्या पालीच्या कोळीवाड्यात काम असतं. बंदीच्या दिवसांत बोटी किनाऱ्यावर ओढून प्लॅस्टिकनं झाकलेल्या असतात आणि हा त्याच्या आत बसून रंगवतो. तिथे अजून दशरथच लागतो, कारण स्टिकर समुद्रात टिकत नाही. यंदा सायमन नावाच्या मच्छीमारानं बोटीच्या पुढच्या टोकावर वेलंकणी माऊली, म्हणजे मेरीमाता, काढायला सांगितली आणि नमुन्याला एक छापील चित्र दिलं. रविवारी साक्षी सोबत जायची. निळ्या प्लॅस्टिकखाली सगळा उजेड निळा. त्यात ती बोटीला टेकून अडलेली गोष्ट पहिल्यापासून वाचायची आणि दशरथ ऐकत ब्रश चालवायचा. नमुन्याचं चित्र कधी खाली पडलं ते त्याला कळलंही नाही.

जुलैच्या शेवटच्या दिवशी प्लॅस्टिक काढणार होते. फादर दुपारी बोटींना आशीर्वाद द्यायला येणार होते. मीही दुकान बंद करून उत्तनच्या बसनं पालीला गेलो. प्लॅस्टिक सरकलं. निळा पदर, सोनेरी कड, सगळं माऊलीचं. चेहरा मात्र सुचेताचा. डावी भुवई किंचित वर, आता विचारेल की हात धुतलेस का. आणि कपाळावर लाल टिकली. बाईचा चेहरा पूर्ण झाला की दशरथचा हात आपसूक टिकली लावतो. इतक्या वर्षांची सवय, कोणाच्या बोटीवर बसलोय याचं भान कुठलं.

सायमनची आई फिलोमिना पुढे झाली.

"ही कोन हाय? आमचे मायला टिकली न्हाय."

सायमन भडकला आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. फादर यायच्या आत खरवडून टाक म्हणाला. दशरथनं एकदा वर पाहिलं. आपण काय काढलंय हे त्याला तेव्हा दिसलं. त्यानं खरवडायचा पत्रा उचलला, कारण चूक त्याची होती. मला ओरडावंसं वाटलं, पण कोणावर ओरडणार?

साक्षी बोटीच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"ही माझी आई आहे," ती फिलोमिनाला म्हणाली. "ती अशीच बघायची. तिच्या हनुवटीवर एक कापलेलं होतं, पातेल्याची कड लागून. हसली की ते आत जायचं. बाबा, ते राहिलंय."

म्हातारीनं पोरीकडे पाहिलं, मग बोटीकडे. आई जाऊन किती वर्षं झाली, तेवढंच विचारलं. मग लेकाकडे वळली.

"ऱ्हाव दे तिला. आय हाय ना कोनाची? मग तुलाही बघंल."

फादरना काय सांगायचं, असं सायमन पुटपुटला. ते मी बघते, म्हातारी म्हणाली. तासाभरात दशरथनं केबिनवर छोटी माऊली काढली, बिनटिकलीची, छापील चित्र समोर ठेवून. फादरांनी दोन्हीकडे पवित्र पाणी शिंपडलं आणि सुचेताकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्याआधी दशरथनं तिच्या हनुवटीवर बारीक रेघ ओढली होती.

दुसऱ्या दिवशी बोट समुद्रात गेली. साक्षी घरी येऊन लिहायला बसली ती उठलीच नाही. नावाड्यानं मुलीला पैलतीरी नेलं. पण आई परत येते की नाही, ते ती लिहीना. मी विचारलं, तर म्हणाली, अजून माहीत नाही.

सहाव्या दिवशी फिलोमिनाचा फोन आला की बोटी येतायत. साक्षीनं शाळा बुडवली आणि मी तिला बोललो नाही. आम्ही तिघं पालीच्या किनाऱ्यावर उभे राहिलो. समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचे होते, दोन्हींमधली रेघ दिसत नव्हती. त्यातून आधी एक ठिपका आला, मग निळा पदर, मग वर गेलेली भुवई. लाटेबरोबर चेहरा खाली जायचा, पुन्हा वर यायचा आणि प्रत्येक वेळी मोठा होऊन यायचा. घरी उशीर झालेल्या बाईसारखी ती भराभर येत होती.

साक्षी गुडघाभर पाण्यात गेली.

"किती उशीर केलास गं," ती म्हणाली, अगदी आईच्या आवाजात, आणि तीन वर्षांचं रडू तिला एकदम आलं. दशरथ तिच्या शेजारी पाण्यात जाऊन उभा राहिला. त्यानं तिला गप्प केलं नाही.