एका बर्थची गाडी

फोन आला तेव्हा मी पिंपळगावच्या गोडाऊनमध्ये थर्माकोलच्या पेट्या उतरवून घेत होते. यजमान एवढंच म्हणाले, "अक्का गेली." मी म्हणाले, "कुठे गेल्या? गाडी तर दारात उभी आहे." मग त्यांचा श्वास ऐकू आला आणि मला कळलं... माझं हे बोलणं नंतर घरभर झालं. काहींना ते विचित्र वाटलं. पण दिवाळी झाली की निघायचं, असं म्हणत अक्का कितीतरी दिवस त्या गाडीभोवती फिरत होत्या. अक्का गेल्या म्हणजे गाडी घेऊन गेल्या, दुसरं काय वाटणार? त्या मात्र दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि चहाला उठल्याच नाहीत.

विमलअक्का माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. दिंडोरी तालुक्यात शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्या आणि नाशकात आमच्या शेजारच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहिल्या. मी वणीकडच्या खेड्यातली, शिक्षण बेताचं. द्राक्षाच्या पेट्या, क्रेट, पॅकिंगचा माल विकण्याचा धंदा मी एका पत्र्याच्या टपरीतून उभा केला. त्या धंद्यात आवाज चढवल्याशिवाय भाव उतरत नाही आणि माझा आवाज घरी आल्यावरही लवकर खाली येत नाही. अक्का हळू बोलायच्या. बायकांच्या बैठकीत माझी ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची शोभा. हिला भाव छान करता येतो." एवढंच. मला आणखीही काही येत असेल, असं त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं मला आठवत नाही.

एके दिवशी त्या सकाळीच गोडाऊनवर आल्या. आजवर तिथे त्यांनी पाय ठेवला नव्हता. म्हणाल्या, "मला एक जुनी व्हॅन घ्यायची आहे. वाळवंटात न्यायची. जन्मभर मुलांना वाळवंट शिकवलं, पाहिलं नाही. पैसे थोडे आहेत, म्हणून तुझ्याकडे आले." निवृत्तीनंतर गाडी चालवायला त्या शिकल्या होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भाजी आणायला शिकल्या असतील, असं आम्ही समजत होतो.

शाळेची मुलं नेणारी एक पिवळी व्हॅन आम्ही शोधली. मी अक्कांना बजावून ठेवलं होतं, भाव ठरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मी टायर दाबून बघितले, खाली वाकून गंज दाखवला, इंजिनाच्या आवाजाला नाक मुरडलं. मालक हळूहळू खाली येत होता. तेवढ्यात अक्का आत चढल्या, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "शोभा, काय सुंदर उजेड येतो गं आत!" मालक तिथल्या तिथे थांबला. तो पुढे एक रुपया उतरला नाही. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. नंतर प्रत्येक दुकानात त्यांनी हेच केलं. भंगारवाल्याकडे एका पिकअपच्या स्प्रिंगचे जाड पाटे मिळाले, गाडी उंच करायला. ते बघून त्या म्हणाल्या, "अगदी हवे होते तसेच." मी त्यांना रिक्षात बसवून ठेवायला लागले.

पण गाडी मात्र आम्ही अशी केली की बघणाऱ्याने बघत राहावं. पिंपळगावला एक जुनं कोल्ड स्टोरेज पाडलं जात होतं. तिथले पफ पॅनलचे तुकडे मी उचलून आणले आणि छताला, भिंतींना आतून बसवून घेतले. द्राक्षं गार ठेवणारी भिंत माणसालाही गार ठेवेल, हा माझा हिशेब. बागेवर टाकतात ती शेडनेट गाडीच्या बाजूला बांधून मांडव केला. कप्प्यांच्या जागी माझेच क्रेट, रबरी पट्ट्यांनी आवळलेले. फवारणीचा बॅटरीवाला पंप घेतला, कोरा, औषध कधी न भरलेला. त्याला नळ जोडला, की हात धुवायचीही सोय आणि अंघोळीचीही. चाक वाळूत रुतलं तर खाली घालायला पॅकहाऊसच्या जुन्या रबरी बेल्टचे तुकडे. पोटाखाली इंजिन वाचवायला जाड पत्रा. वेल्डर म्हणाला, "मावशी, यातलं निम्मं तर शेतातलं हाये." मी म्हणाले, "मग वाळवंटात काय बंगल्यातलं न्यायचं?"

हे सगळं करताना आपणही जाणार, असं मी धरून चालले होते. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण म्हणायची काय गरज? मग एक दिवस सुताराने आत बर्थ बसवला. एक. मी अक्कांना विचारलं, "दुसरा कधी येणार?" त्या म्हणाल्या, "दुसरा नाही. मी एकटी जाणार."

"आणि मी?"

"तुला घेऊन गेले, तर मला वाळवंट दिसायचं नाही गं. तूच दिसत राहशील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर तिथेच टाकला आणि निघून आले. त्यानंतर आमचं बोलणं बंद. संक्रांत झाली आणि त्या निघाल्या तेव्हा यजमान नारळ फोडायला गेले. मी सीझनचं काम आहे म्हणून गोडाऊनवरच थांबले, आणि काम खरंच होतं.

त्या गेल्या राजस्थानात, जैसलमेरच्या पलीकडे. घरी यजमानांना त्यांचे फोन यायचे. मी शेजारी बसून कांदा चिरायचे, कान तिकडे ठेवून. आणि एक दिवस दुपारी, ऐन लोडिंगच्या गडबडीत, माझ्या फोनवर त्यांचा फोन.

"शोभा, गाडी वाळूत बसली आहे. एक ट्रॅक्टरवाला ओढायला तयार आहे, पण फार पैसे मागतो. तू बोल त्याच्याशी."

मी तिथल्या तिथे पेट्यांच्या थप्पीवर बसले. विचारलं, "चाकातली हवा काढली होती का?"

"काढली. पण उशिरा. आधी रेस केली."

"बेल्ट घातले?"

"घातले. ते आता दिसत नाहीयेत."

म्हणजे चाकं चांगलीच खोल गेली होती. मी म्हणाले, "आता नीट बघून सांगा. त्याने ट्रॅक्टरची ट्रॉली लावलेली आहे, की सोडून आला आहे?"

"सोडून आलाय. दोरही आणलाय."

"मग तो ओढायच्या तयारीनेच आलाय. रिकामा परत जाणार नाही. त्याला फोन द्या, आणि तुम्ही त्याच्याकडे बघून हसू नका."

"मी हसत नाहीये."

"मला ऐकू येतंय."

ट्रॅक्टरवाला हिंदीत म्हणाला, "मॅडम, रेत में डीजल बहुत खाता है." मी म्हणाले, "भैया, हमारे यहाँ काली मिट्टी में ट्रॅक्टर फसता है. रेत क्या बताते हो?" तो म्हणाला, आपने रेत देखी है क्या? मी म्हणाले, नहीं देखी, पर डीजल देखा है. मग त्याची बायको, त्याचा भाऊ, गेल्या वर्षीचा पाऊस, सगळं मध्ये आलं. लोडिंगवाली पोरं हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिली. शेवटी तो मूळ भावाच्या निम्म्यावर आला. म्हणाला, "मॅडम, आप इधर मत आना." माझ्या आयुष्यात मला इतकी चांगली पावती कुणी दिलेली नाही. नंतर अक्का फोनवर आल्या आणि गाडी बाहेर निघेपर्यंत बोलत राहिल्या. दोर बांधला, आता ताणला, आता मागचं चाक हललं... माझ्या गोडाऊनमध्ये उभं राहून मी ती गाडी बाहेर येताना ऐकली.

परत आल्या तेव्हा रंगाने काळवंडल्या होत्या आणि खूष होत्या. माझ्या ओट्यावर बसून चहा पीत म्हणाल्या, "'वाळवंटात दैनिक तापमान कक्षा मोठी असते', हे वाक्य मी मुलांकडून घोकून घेतलं. त्या वाक्याचा अर्थ रात्री तीन गोधड्या असा आहे, हे मला आत्ता कळलं." मग सहज सांगावं तसं म्हणाल्या, "आणि त्या ट्रॅक्टरवाल्याला मी त्याने मागितले तेवढे सगळे दिले हं."

माझा कप बशीवर आपटला. "मग मला फोन कशाला केलात?"

"तू बोलत नव्हतीस. भाव करायला बोलावलं तर तू येणार, हे मला ठाऊक होतं."

मी त्यांना तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्या ऐकत बसल्या. चहा गार झाला तो मी परत तापवला.

उन्हाळ्यात मी टेप घेऊन त्या गाडीत शिरले. मोजलं. क्रेटची रांग मागच्या दाराशी नेली तर दुसरा बर्थ बसत होता, चांगला ऐसपैस. मी त्यांना बोलावून दाखवलं. म्हणाले, दिवाळीनंतर जाऊ, द्राक्षाचा सीझन लागायच्या आत परत येऊ. त्या टेपकडे बघत म्हणाल्या, "बघू." माझ्या धंद्यात 'बघू' म्हणजे नाही. अक्कांच्या बोलण्यात त्याचा अर्थ काय होता, हे मला ठरवता आलेलं नाही. दिवाळीपर्यंत मी तीन-चार वेळा विचारलं. प्रत्येक वेळी 'बघू', आणि वर ते हसू. त्यांनी 'ये' म्हटलं नाही. अक्का गेल्यावर भेटायला येणाऱ्या लोकांपुढे मी हे बोलले नाही, कारण ते सगळे "काय गाडी केली हो बाईंनी" असंच म्हणत होते. पण माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

दहावं-तेरावं झालं आणि दिंडोरीचा एक मुलगा गाडी बघायला आला. द्राक्षबागा बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी त्याला कॉफीची गाडी टाकायची होती. यजमानांनीच त्याला बोलावलं होतं. दारात उभी गाडी बघून त्यांना त्रास होत होता, ते मला दिसत होतं. मी भाव सांगितला. मुलगा थोडं घासाघीस करून कबूल झाला. मी म्हणाले, पफ पॅनलचे वेगळे. तो त्यालाही तयार झाला. मी म्हणाले, पंपाचे वेगळे, पाट्यांचे वेगळे. यजमान मला बाजूला घेऊन म्हणाले, "शोभा, तुला विकायचीच नाहीये का?"

मी म्हणाले, "मग मघापासून मी काय सांगतेय?"

ते परत गाडीशी गेले. मग त्या मुलाला म्हणाले, "चहा घेऊन जा."

आता दुसरा बर्थ बसला आहे. मी गाडी शिकते आहे, या वयात, आणि शिकवणाऱ्या माणसाशी माझं रोज भांडण होतं. सीझन भरात यायच्या आत आठ दिवस काढायचे आहेत. यजमान बरोबर येणार आहेत. अक्कांच्या बर्थवर त्यांनी झोपायचं, हे मीच ठरवलं. त्यांच्या बहिणीची जागा आहे, आणि ते घोरतात, तरीही.

गेल्या रविवारी कादवा नदीच्या काठाला, अक्का गाडी घेऊन यायच्या तिथे, गेलो. पाणी उतरलं आहे, कडेला वाळूचा पट्टा उघडा पडला आहे. मी गाडी थेट आत घालणार होते. पण राजस्थानहून आल्यापासून अक्का मऊ जमीन दिसली की आधी गाडी थांबवायच्या, उतरायच्या, चप्पल हातात घ्यायच्या आणि टाच दाबत पुढे चालत जायच्या. माझ्या गोडाऊनच्या चिखलातसुद्धा. सगळे हसायचे, मीही हसायचे. मला त्यांनी ते कधी शिकवलं नाही, मी बघून घेतलं.

मी इंजिन बंद केलं आणि उतरले. वाळू वरून ऊन होती, खाली गार. डावीकडे टाच घोट्यापर्यंत गेली. उजवीकडे, गवताच्या कडेने, जमीन घट्ट लागली. तिथून परत आले, चाकांची हवा थोडी काढली आणि यजमानांना म्हणाले, बसा. ते म्हणाले, "अक्का पण इकडूनच घ्यायची." मी गिअर टाकला आणि गाडी उजवीकडून घेतली.