अनुभव : निरंक

आमचं घर चालायचं. संसार चालतो त्या अर्थानं नाही, खरोखरच पायांनी. दिवाळी झाली की कवठे महांकाळच्या पूर्वेचा आमचा माळ सोडून आम्ही मेंढरं घेऊन निघायचो. घोडीच्या पाठीवर भांडी, त्यावर वाकळा, वाकळांवर बांधलेल्या कोंबड्या आणि त्या आठवड्यात जन्मलेली कोकरं. उसाचा मुलूख ओलांडून पाटण, तिथून कोयनेच्या खोऱ्याच्या कडेनं वर, आणि मग घाट उतरून कोकणात. तिथल्या भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत व्हायचं, त्याच्या बदल्यात आम्हाला भात मिळायचा. मे संपत आला की पावसाच्या आत त्याच वाटेनं वर यायचं.

एका वर्षी वाटेतच मेंढरांत रोग शिरला आणि निम्मा कळप गेला. त्या वर्षी आम्ही परत आलो तेव्हा घोडीसुद्धा नव्हती, भांडी आईच्या डोक्यावर होती. मला पहिली चप्पल आठव्या वर्षी मिळाली. बाजारातल्या ढिगातनं आबांनी, माझ्या वडिलांनी, उचलून आणली होती, दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या. त्या मी वर्षभर वापरल्या. शाळेत माझं नाव होतं, मी नव्हते. गुरुजी हजेरी घ्यायला लागले की पोरं ओरडायची, "ती कोकणात गेलीया!"

आम्ही रस्त्याच्या कडेनं चाललेलो असताना एसटी जायची. खिडकीतली माणसं आमच्याकडं बघायची. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ज्याच्याकडं काही आहे तो बसून जातो, ज्याच्याकडं काही नाही तो चालत जातो.

दहाव्या वर्षी आईनं मला मावशीकडं ठेवलं. आबा नको म्हणत होते, कोकरं कोण धरणार म्हणून. आई म्हणाली, "कोकरं मी धरते. हिला पुस्तक धरू द्या." पुढचं थोडक्यात सांगते. दहावी झाले, बारावी झाले, सांगलीला वसतिगृहात राहून भूगोल घेऊन बी.ए. झाले, मग एम.ए. आणि बी.एड. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि आमच्याबरोबर चालणाऱ्या दहा-बारा बिऱ्हाडांतलीही पहिलीच. हे मी सगळ्यांना सांगते. लाजायचं काय त्यात? आता आष्ट्याला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते.

पाच वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजातल्या एक मॅडम मला सांगलीच्या एका गिर्यारोहण क्लबात घेऊन गेल्या. डॉक्टर, शिक्षक, कारखान्यातले कारकून असे चाळीसेक लोक होते. रविवारी डोंगर चढायचे, घाम पुसत फोटो काढायचे आणि परत यायचे. हौसेनं चालणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली. सभासद होण्यासाठी एक अर्ज होता. नाव, पत्ता, रक्तगट, आणि शेवटचा रकाना: 'डोंगरभ्रमंतीचा अनुभव'.

मी लिहिलं, निरंक.

रकाना मोकळा सोडायचा नसतो, काही नसेल तर निरंक लिहायचं, हे मी नोकरीत शिकले होते. आणि मला खरंच वाटलं की काही नाही. आम्ही डोंगर चढायचो-उतरायचो ते मेंढरांमागं. त्याला भ्रमंती कोण म्हणणार?

निरंक लिहिल्यामुळं मला नवख्यांच्या गटात घातलं. पहिल्या दिवशी बुटाची नाडी कशी बांधायची ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी, उतारावर गुडघे जरा वाकवून पाऊल आडवं टाकायचं हे शिकवलं. काखेत कोकरू घेऊन मी ज्या उतारावरनं पळत गेलेली होते, त्याच्या निम्माही तो उतार नव्हता. मी ते सांगतील तसं पाऊल आडवं टाकलं. नाडी मात्र मला खरोखरच नीट बांधता येत नव्हती, ती शिकले.

क्लबचे प्रमुख वाळव्याकडचे. ऊसवाल्या घरातले, पण सगळं आयुष्य फौजेत गेलेलं, सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळे त्यांना सुभेदार काका म्हणतात. दरवर्षी मार्चमध्ये ते उन्हाळी मोहिमांचा तक्ता करतात. यंदाच्या तक्त्यात चार मोहिमा ठरायच्या होत्या. एप्रिलमध्ये कड्यावर दोर लावून चढाईचा सराव, मग साताऱ्याकडचा एक किल्ला, मेच्या मध्याला एक घाटवाट, आणि शेवटी पावसाच्या तोंडावर पठार. तिसऱ्या मोहिमेची वाट आणि तिचा नेता ठरलेला नव्हता.

मी हात वर केला. पाटणकडून कोकणात उतरणारी आमची जुनी वाट सुचवली, आणि नेतृत्व मी करते म्हणाले.

काकांनी नकाशा पसरला. "मे म्हैना हाय, भूगोल मॅडम. पाणी कुठं?"

"मधल्या टप्प्यावर झरा आहे काका."

"नकाशात न्हाई."

"नकाशात नसला तरी आहे. आम्ही मेमध्येच तिथनं वर यायचो."

"कवा बघितलाईस शेवटचा?"

"दहा वर्षांची असताना."

सगळे हसले. मीही थोडी हसले. मग काकांनी कपाटातनं फाइल काढली, माझा जुना अर्ज शोधला आणि चष्मा नाकावर ओढून मोठ्यानं वाचला. "अनुभव, निरंक." परत एकदा हसू झालं. या वेळी मी हसले नाही.

"हे बघ बाळ," काका म्हणाले, "तुझ्यावर राग न्हाई. पण ईस-बावीस माणसं न्यायची, ती बी उन्हात. पाण्याची खात्री न्हाई तर मोहीम न्हाई. एप्रिलमधी आधी जाऊन रेकी करू. पाणी घावलं तर वाट तुझी आन् नेता बी तूच. न्हाई घावलं तर बस करून समुद्रावर जाऊ, आंबं खाऊ."

समुद्रावर आंबे खायला निम्मा क्लब तेव्हाच तयार झाला.

मी गावाकडं फोन लावला. आबांनी फिरणं सोडलं त्याला आता बारा वर्षं झाली. माळावर योजनेचं पाणी आलं, थोडं डाळिंब लावलंय, दारात पंधरा-वीस मेंढरं आहेत, ती सवयीची म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं आणि झरा दाखवायला येता का विचारलं.

"मेंढरं कुणाची हायती?" त्यांनी विचारलं.

"मेंढरं नाहीत आबा. नुसतीच माणसं."

"आन् चारा?"

"चारा कशाला? माणसं हायती."

"मग उतरायचं कशाला?"

"हौस म्हणून."

मग आबा लांबनं बोलल्यासारखे आईला म्हणाले, "अगं, तिकडं शिकल्याली माणसं बिनामेंढराची घाट उतराय लागल्यात." आई मागनं म्हणाली, "तुमाला काय करायचंय? पोरगी बोलावतीया तर जावा." झरा नेमका कुठं आहे ते मी फोनवर विचारून बघितलं. आबा म्हणाले, "सांगून कळतंय व्हय! पायानं कळतंय त्ये. येतो मी."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं गेलो, काका, आबा आणि मी. पाटणपर्यंत एसटी, तिथं रात्रीचा मुक्काम, सकाळी पुढं वडाप जीप. वनखात्याच्या परवानगीचं पत्र काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. काकांच्या हातात दोन घडीच्या काठ्या, मनगटावर उंची आणि दिशा दाखवणारं घड्याळ. आबांच्या खांद्यावर घोंगडं.

"एवढ्या उन्हात घोंगडं कशाला, पाव्हणं?" काकांनी विचारलं.

"तुमची काठी घडी हुतीया, तसं माझं घर घडी हुतंय," आबा म्हणाले.

डोंगराची धार सोडून आम्ही उतरायला लागलो तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. वाट रानानं खाल्ली होती. करवंदीच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी आत आल्या होत्या. आबांचा एक गुडघा दुखतो, तरी ते आमच्या पुढं होते, आणि मला वाट नीट बघता यावी म्हणून मधून मधून थांबत होते. साडेदहाला आम्ही मधल्या टप्प्यावर पोचलो. तो टप्पा मी लगेच ओळखला. मोठा आंबा तसाच होता, त्याच्याखाली आमच्या चुलीचे तीन दगड असायचे ती जागाही तशीच. झरा मात्र नव्हता. ओघळ होती, ती कोरडी, आणि तिच्यात दगडच दगड.

मी ओघळीतनं वर गेले, खाली आले. ओल दिसेना, शेवाळ दिसेना. काकांनी वही काढली. "वेळ दहा चाळीस. पाणी..." एवढं लिहून माझ्याकडं बघत थांबले. तो एक शब्द लिहिला की माझी मोहीम गेली, हे दोघांनाही कळत होतं.

आबा आंब्याखाली बसून भाकरी सोडत होते. मी म्हटलं, "आबा, दाखवा की."

"तू शिकलीस न्हवं? हुडक. मी काय दर बारीला येणार हाय तुझ्यासंगं?"

मला राग आला. पण ते म्हणत होते ते बरोबर होतं. बावीस माणसं घेऊन मी येणार, आबा नाही.

मग मी ओघळीच्या दगडांवर बसले आणि पाणी शोधायचं सोडून दिलं. आठवायला लागले ते पाणी नव्हे, तर आमची निघायची गडबड. मेंढरं पुढं गेलेली, आई घोडीची दोरी आवळतेय, आणि आबा सगळ्यांच्या मागं राहून ओरडतायत, "कोण पाणी प्यायचं ऱ्हायलंय का?" कारण आमच्यात रीत होती. जो शेवटी पाणी पिईल, त्यानं झऱ्यावर दगड ठेवायचा. पाला पडू नये, गव्यानं पाय घालू नये म्हणून. गव्याला प्यायला खाली डोह आहे. आमच्या वाटेवरचा एकही झरा आम्ही कधी उघडा ठेवला नव्हता. आणि मी शहाणी, उघडं पाणी शोधत बसले होते.

म्हणजे आता शोधायचा होता तो दगड. ओघळीतले सगळे दगड गोल, उताराकडं तोंड करून पडलेले. मी बाजूच्या कातळाच्या पायथ्याशी गेले. तिथं एक चपटी शिळा होती, ताटासारखी सपाट बसलेली, आणि तिच्या खालच्या अंगाला दोन लहान दगडांचा टेकू दिलेला. एवढ्या उतारावर दगड आपोआप असा सपाट पडत नाही. हे सांगायला भूगोलाची पदवी लागत नाही, पण होती म्हणून बरं वाटलं.

"काका, या इकडं. हात लावा."

आम्ही दोघांनी शिळा सरकवली. खाली कुजलेला पाला, त्याच्याखाली काळी माती. मी हातानं उकरलं. बोटं गार झाली. घमेलंभर माती निघाल्यावर तळाला पाणी चमकलं, आधी गढूळ, मग हळूहळू नितळ. आबा भाकरीचा तुकडा हातात घेऊनच आले आणि वाकून बघितलं.

"हाय," ते म्हणाले. एवढंच.

काकांनी बाटली लावली आणि घड्याळ बघितलं. एक लिटर भरायला चार मिनिटं. दुसरी लावली, तेवढीच. "म्हंजी दोघांनी सगळ्यांच्या आधी येऊन भांडी भरायला लावायची," ते म्हणाले आणि वहीत लिहिलं, "पाणी आहे." मग पोटभर प्याले आणि आबांना विचारलं, "शेवटचा दगड कुणी ठेवलेला?"

"मीच. फिरणं सोडलं त्या साली. माज्या मागनं कुणी आल्यालं दिसत न्हाई."

"किती बारी उतरलाय हा घाट?"

"मोजतंय कोण? वरसाला जाऊन येऊन दोनदा."

"किती वरसं?"

"कळाय लागल्यापसनं."

काकांनी मानेनं माझ्याकडं दाखवलं. "आन् ही तुमच्यासंगं चालत हुती?"

"पोटात हुती तवापसनं," आबा म्हणाले.

"मग अर्जावर निरंक कुणी लिवलं गं? शिकून येडी झालीस व्हय तू?"

आबांना निरंक म्हणजे काय ते कळलं नाही. मी सांगितलं, काहीच नाही असा त्याचा अर्थ. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बराबर लिवलंस की. चालाय तर सगळ्यांस्नीच येतंय. त्यात लिवण्यासारकं काय हाय?"

काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला. निघताना आबा थांबले, शेवटचं पाणी प्याले आणि दगडाकडं बोट केलं. शिळा मी ठेवली. टेकूचे दोन दगड त्यांनी हलवून बघितले, एक बदलला.

परत आल्यावर काकांनी मला नवा कोरा अर्ज दिला आणि समोर बसवून भरायला लावला. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं: 'दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी दोन वेळा घाट, मेंढरांबरोबर, बहुतेक अनवाणी. नंतर क्लबबरोबर पाच वर्षं, बूट घालून.' काकांनी वाचून सही केली.

तक्ता आता क्लबच्या फळ्यावर लागला आहे. समुद्रावर आंबे खायला जाणाऱ्यांतलेही बरेच जण नाव देऊन गेले. तिसऱ्या मोहिमेच्या सूचना मी स्वतः लिहिल्या. पहाटे पाचला सांगलीहून निघणे. प्रत्येकी तीन लिटर पाणी, टोपी, अंगभर कपडे, गुडघ्याचं दुखणं असल्यास आधी सांगणे. भर उन्हाच्या आत मधला टप्पा गाठणे, तिथं दुपारचा विसावा. आणि शेवटची सूचना: जो शेवटी पाणी पिईल त्यानं झऱ्यावर दगड ठेवायचा. काका म्हणाले, ही यंदापासनं क्लबच्या सगळ्याच मोहिमांना लागू.

बावीस नावं आली आहेत. मेच्या मध्याला आम्ही आमच्या जुन्या वाटेनं घाट उतरणार आहोत. नेत्याच्या रकान्यात माझं नाव आहे.