दगडातून आलेले पाहुणे

आमच्या घरी कुणी चहाला आलं की माशांच्या टाकीचा विषय निघतोच. बाबा एक किस्सा सांगतात, आई त्यात दुरुस्ती करते, आणि पाहुणे जाताना तिसराच किस्सा घेऊन जातात. खेकड्याला दहा पाय असतात. परवा हळदीकुंकवात एका काकूंनी मलाच आमच्या खेकड्याची हकिगत ऐकवली, तेव्हा त्याला चौदा झाले होते! मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून मी नुसती मान हलवली. पण पाय आणखी वाढायच्या आत, जे झालं ते लिहून ठेवलेलं बरं.

राजाजीनगरात आम्ही अक्कांच्या घरात खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो. वर अक्का एकट्या. त्यांच्या सगळ्या मुली लग्न होऊन गेल्या. अक्का कन्नडच बोलतात. आई बेळगावची, त्यामुळे तिचं अडत नाही. बाबा पुण्याचे. त्यांचं कन्नड स्वल्पच.

घर देताना अक्कांची अट एकच होती : घरात मासळी यायची नाही. आम्ही शाकाहारी, म्हणून बाबांनी ती हसत कबूल केली. तेव्हा त्यांना टाकीचा नाद लागला नव्हता!

बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर आहेत. त्यांनी लोखंडी अँगल आणि काचा जोडून मोठी टाकी केली. कॉलेजातले त्यांचे मित्र नायककाका कारवारला असतात. त्यांनी लॉरीने समुद्राचं पाणी पाठवलं, पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे पाठवले, आणि माशांना घरच्यासारखं वाटावं म्हणून समुद्रातलाच एक भोकाभोकांचा दगड पाठवला.

अक्का जिना उतरून आल्या.

"अक्का, हे खायचे मासे नाहीत. पाहायचे आहेत," आई म्हणाली.

"आणि पाहता पाहता भूक लागली तर?"

आईने शपथा घेतल्या. अक्कांनी टाकीकडे पाहिलं, मग नळाकडे पाहिलं. "पाणी कुठलं?"

"त्यांचं पाणी ते घेऊनच आलेत."

अक्का एकदम मऊ झाल्या. "असे भाडेकरू मिळत नाहीत हल्ली. सरी, चालेल. तीन माणसं, दोन मासे. त्यावर एक जीव वाढला, तर घर खाली करायचं!"

दगडात कोण कोण बसून आलं होतं, ते तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

*

पहिला निघाला किडा. बोटाएवढा लांब, गुलाबी, दोन्ही बाजूंना पांढरी लव. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला हातानेच उचललं. ती लव नव्हती, काटे होते! बारीक, काचेसारखे, दिसतही नव्हते. आई चिमटा घेऊन संध्याकाळभर बाबांची बोटं निवडत बसली.

दुसऱ्या दिवशी बाबा हाताला पट्टी बांधून कारखान्यात गेले. साहेबांनी विचारलं, "मशीनवर लागलं का?"

"नाही सर, घरी. किडा."

"चावला?"

"छे छे! तो बिचारा काहीच करत नव्हता. मीच त्याला चावल्यासारखं झालं!"

साहेबांनी त्यांना अर्ध्या दिवसाची रजा दिली.

*

मग टाकीतून आवाज येऊ लागला. टक्! थोडा वेळ शांत. पुन्हा टक्!

"काच तडकतेय," बाबा म्हणाले. संध्याकाळी ते कारखान्यातले तीन इंजिनियर घेऊन आले. एक म्हणाले, काचेवर ताण आहे. दुसरे म्हणाले, अँगलचा वेल्ड सुटतोय. तिसरे म्हणाले, जमीनच उतरती आहे, आणि आमच्या वाटीत पाणी घेऊन ते जमीन तपासत रांगू लागले. टाकीभोवती बादल्या मांडल्या. मी शाळेची पुस्तकं कपाटावर ठेवली.

आई बीन्स मोडत बसली होती. ती म्हणाली, "आवाज दगडातून येतोय."

"वहिनी, दगड तडकत नसतो," वेल्डवाले काका म्हणाले.

तेवढ्यात दगडाच्या भोकातून एक कोळंबी बाहेर आली. बोटाच्या दोन पेरांएवढी. एक नांगी साधी, दुसरी तिच्या अंगाच्या मानाने भलतीच मोठी. तिने ती नांगी चौघा इंजिनियरांसमोर धरली आणि मिटली. टक्!

रांगणारे काका उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "हिचं ड्रॉइंग आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी अक्का जिन्यावरून म्हणाल्या, "रोज संध्याकाळी बदाम फोडता. कधी एक वर पाठवावासा वाटला नाही!"

आईने निमूटपणे वाटीभर बदाम पाठवले. आता दर आठवड्याला पाठवावे लागतात.

*

टाकीच्या तळाशी एक शंख होता. तो पाहून अक्कांना बरं वाटलं. समुद्रातला शंख म्हणजे शुभ! त्यांनी काचेला लांबूनच नमस्कार केला. आणि शंख चालू लागला.

"अय्यो!" अक्कांनी पुन्हा हात जोडले. मग शंखाखाली पाय दिसले. हात सुटले.

"हा कोण? तीन माणसं, दोन मासे ठरलं होतं!"

आई स्वयंपाकघरात होती. बाबांना एकट्यानेच कन्नडमध्ये निभावायचं होतं. त्यांनी समजावलं, की हा शंख आत बसलेल्या प्राण्याचा नाही. हा दुसऱ्याच्या घरात राहतो.

"म्हणजे भाडेकरू!" अक्कांना पटल्यासारखं दिसलं. "मग घराचा मालक कुठे आहे?"

"मालक मेला," बाबा उत्साहाने म्हणाले. "तो मेला म्हणून तर ह्याला घर मिळालं!"

अक्का घर खाली करायचं बोलायच्याच विसरल्या आणि वर जाऊन त्यांनी दाराला आतून कडी घातली.

*

आता खेकडा. चौदा पायांचा नव्हे, दहाच.

तो दगडाच्या पोटात बसून होता आणि आमच्यापैकी कुणी त्याला पाहिलं नव्हतं. एके दिवशी पहाटे तो हवेच्या रबरी नळीवरून चढला, टाकीबाहेर उतरला, दाराखालून गेला आणि अक्कांच्या ताज्या रांगोळीत जाऊन बसला. अक्का तुळशीला पाणी घालून वळल्या, तेव्हा रांगोळीतलं कमळ त्यांच्याकडे नांग्या उगारून बघत होतं!

त्यांची किंकाळी दुधाच्या बूथपर्यंत गेली असं म्हणतात.

बाबांनी खेकडा बादलीत घालून टाकीत नेला. पण ह्या वेळी अक्का वर गेल्या त्या भांडायला खाली आल्याच नाहीत. दुपारी फाटकावर पाटी लागली : टु-लेट.

रात्री कुणी धड जेवलं नाही. दुसरं घर मिळालंही असतं, पण टाकीसकट कोण ठेवून घेणार? आणि मला ह्या शाळेत बोलायला एक मैत्रीण मिळायला दोन वर्षं लागली होती. घर लांब हेब्बाळकडे मिळालं तर ती शाळाही गेली.

सकाळी आई वर जाऊन रडली. अक्का म्हणाल्या, "सरी. तो खेकडा आज माझ्या डोळ्यांसमोर कारवारला गेला, तर पाटी काढीन."

नायककाकांची लॉरी बाजारात उभीच होती. बाबांनी बिस्किटांच्या डब्याला भोकं पाडली, ओलं फडकं घातलं आणि खेकड्याला हळूच उचललं. अक्का खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. खेकडा धडपडला, बाबांच्या हातात उलटा झाला.

त्याच्या पोटाखाली केसरीभातासारखा केशरी गोळा होता. बारीक बारीक दाणे, एकमेकांना चिकटलेले.

"हे काय?" अक्का खुर्चीतून उठल्या.

"अंडी," बाबा म्हणाले. "हा खेकडा नाही. खेकडी आहे."

अक्का वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. मग त्यांनी डबा बाबांसमोरून ओढून घेतला.

"तुम्हाला काही कळतं का? अशा दिवसांत हिला लॉरीने पाठवणार? घाटातून? त्या रस्त्याने?"

"पण अक्का, तुम्हीच..."

"माझ्या पाचही मुली बाळंतपणाला ह्याच घरात आल्या. ह्या घरातून पोटुशी असताना कुणी बाहेर गेलेली नाही! सोडा तिला पाण्यात. हळू! आणि त्या टक् टक् 'बदाम' फोडणारीला म्हणावं, थोडे दिवस गप्प बस. मला सगळं ठाऊक आहे."

खेकडी पाण्यात गेली. आई कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकली. कालपासून ती जेवली नव्हती, चेहरा उतरला होता. तेवढ्यात फाटक वाजलं. कोट घातलेले एक गृहस्थ टु-लेटची पाटी बघून आत आले होते.

अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मने खाली इल्ला! घर द्यायचं नाही. आत बाळंतपण आहे."

गृहस्थांनी अक्कांच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीला टेकलेल्या आईकडे आणि तिच्याशेजारी उभ्या माझ्याकडे पाहिलं. मग ते पुढे आले आणि बाबांचा ओला हात हातात घेऊन इंग्रजीत म्हणाले, "अभिनंदन, सर! हे दुसरं का?"

बाबांची नजर टाकीवरून हलत नव्हती.

"दुसरं?" ते म्हणाले. "अहो, निदान दहा हजार तरी होतील!"