आमच्या चिमट्यांचा पब्लिक इश्यू

आमची कंपनी शेअर बाजारात उतरली नाही, याचं सगळं श्रेय माझं आहे. मी तिला उतरवायला निघालो होतो, ही गोष्ट वेगळी.

कंपनी म्हणजे मंदाकिनी मोल्डर्स प्रायव्हेट लिमिटेड. मंदाकिनी म्हणजे आमची आई. वसई पूर्वेच्या एका गाळ्यात दादाने दोन मशीनं टाकली होती आणि त्यांतून कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे पडत. (हसू नका. तुमचा टॉवेल उडून शेजाऱ्यांच्या गॅलरीत जात नाही, तो आमच्यामुळे!) संचालक तीन. दादा कंपनी चालवायचा, आई सह्या करायची आणि मी पेपर वाचायचो. लागोपाठ दोन नोकऱ्या सुटल्यावर दादाने मला संचालक करून घेतलं होतं. त्यामुळे घरात मी बेकार आणि सोसायटीत उद्योजक होतो.

नव्वदीच्या दशकातली ती तेजी. नालासोपाऱ्याला स्टेशनबाहेर केळी आणि पब्लिक इश्यूचे फॉर्म एकाच हातगाडीवर मिळत, आणि फॉर्म आधी संपत! पेपरात रोज नव्या कंपनीची पानभर जाहिरात, खाली संचालकांची नावं. ती मी दोनदोनदा वाचायचो. मला पैसा नको होता हो, मला फक्त त्या यादीत माझं नाव हवं होतं. सासुरवाडीला तो पेपर घेऊन जायचं, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती.

"दादा, आपण पब्लिक इश्यू काढू."

"कशाला?"

"शेजारचा गाळा घ्यायचाय ना तुला? लोक पैसे देतात आणि परत मागत नाहीत."

"येडे आहेत का ते?"

"येडे नाहीत, भागधारक आहेत!"

दादाला शेजारचा गाळा खरंच हवा होता. त्याने कामतांना बोलावलं. कामत आमचे सीए. हा माणूस हसला की आपलं काहीतरी चुकलंय, हे आम्ही अनुभवाने ओळखून होतो. ते आले आणि आल्या आल्या हसले.

"जाहिरातीत संचालकांचा अनुभव छापावा लागतो," ते मला म्हणाले. "तुमचा काय लिहू?"

"वाचन."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते आईकडे वळले. "तुमची वार्षिक सभा कशी होते?"

"जेवताना," आई म्हणाली. "मी विचारते, मंजूर ना रे? हे दोघं मान हलवतात. मग मी भात वाढते."

"उद्या लोकांचे पैसे घेतलेत, की एखादा अनोळखी माणूस उभा राहून विचारेल, भात किती वाढला, आणि धाकट्यालाच जास्त का? त्याला उत्तर द्यावं लागेल. पैसे हवेत का, यावर हे ठरवू नका. पैसे सगळ्यांनाच हवेत. उत्तरं द्यायची तयारी आहे का, ते बघा."

इथे माझ्यातला गणेशोत्सवातला नाट्यदिग्दर्शक जागा झाला. "त्यात काय! आपण रंगीत तालीम घेऊ. रविवारी सकाळी, गच्चीवर. सोसायटीतली माणसं भागधारक. प्रत्येकाला दहा शेअर, खोटे!"

दादा नको म्हणत होता. कामत मात्र म्हणाले, "घ्याच!" आणि पुन्हा हसले.

मी कामाला लागलो. (संचालक झाल्यापासून पहिल्यांदाच.) खोटी शेअर सर्टिफिकेटं टाइप केली, त्यांवर हळदीकुंकू वाहिलं. अहवालही हवाच. आता खोटा अहवाल लिहायचा म्हणजे डोकं चालवावं लागणार. म्हणून मी कपाटातला गेल्या वर्षीचा खराच हिशेब काढला आणि त्याच्या झेरॉक्स काढून घरोघर वाटल्या! वर सभेनंतर बटाटेवडा आणि चिमट्यांचं एक पाकीट भेट, अशी सूचना फळ्यावर लिहिली.

वीस माणसं अपेक्षित होती. वड्याची बातमी फुटली आणि पन्नास आली. शेजारच्या सोसायटीतलीही होती. आम्हाला मासळी देणारी, समुद्रकाठच्या पाचूबंदरची मार्थामावशी टोपली जिन्यात ठेवून पहिल्या रांगेत बसली. तिलाही मीच दहा शेअर दिले होते, पापलेट ताजं मिळावं म्हणून.

दादा अध्यक्ष, व्यासपीठावर शेजारी आई. त्याने घसा खाकरला. "सभासदहो, काही प्रश्न असतील तर..."

तळमजल्यावरचे निवृत्त जोशीसर उभे राहिले. अहवालावर लाल पेनाच्या खुणा! "शुद्धलेखनाच्या चुका सोडून देतो. प्रश्न विचारू का?"

"विचारा की!" मी उदारपणे म्हणालो.

पण मार्थामावशी आधीच उठली होती. "माजा पयला! तुमच्या चिमट्याची स्प्रिंग गंजते. खाऱ्या वाऱ्यात आठ दिस टिकत नाय. माज्या सुनेच्या पांढऱ्या साडीवर डाग पडला, तो पान्यानं जात नाय. त्याचा जबाब कोन देनार?"

"मावशी, ही तालीम आहे..."

"डाग तालमीचा नाय, खरा हाय!"

टाळ्या! दादाचा चेहरा उतरला. कारखान्यात येणारं एकही गिऱ्हाईक हे कधी बोललं नव्हतं, कारण त्याला पुढे उधारीवर माल हवा असायचा. इथे कुणालाच आमच्याकडून काही नको होतं. (वडा सोडून.)

"स्प्रिंगची तपासणी कोण करतं?" तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी विचारलं.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग पन्नास जणांनी बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

"आता माझा प्रश्न," जोशीसर म्हणाले. "पान तीन. 'किनारपट्टीवरील बाजारपेठ पाहणी, कळंब, मुक्काम दोन दिवस.' ही पाहणी कुणी केली?"

त्याचं असं आहे, की कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या एका कॉटेजमध्ये मी आणि माझे तीन मित्र गेलो होतो. समुद्रावर लोक टॉवेल वाळत घालतात. म्हणजे बाजारपेठ होतीच!

"मी केली," मी म्हणालो. "अतिशय सखोल केली."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला. भागधारक क्रमांक एकतीस. आमची ही.

"अहो, कळंबला कधी गेला होतात?"

"अगं, तू इथे सभासद आहेस, घरी गेल्यावर..."

"सभासद म्हणूनच विचारतेय. मला तर जूचंद्रच्या गोदामात मालमोजणी आहे म्हणून सांगितलं होतंत! मी डबा दिला होता बरोबर. चौघांचा!"

"चौघांचा का दिलास?" जोशीसरांनी विचारलं.

"हे म्हणाले, मोजायला माणसं लागतात."

यानंतरची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं, की कुणीतरी "ठराव मांडा!" असं ओरडलं आणि जोशीसरांनी मांडला. श्री. प्रकाश (म्हणजे मी!) यांना संचालक पदावरून दूर करण्यात यावं. मार्थामावशीने अनुमोदन दिलं. हात वर झाले. पन्नासच्या पन्नास. मी घाबरून व्यासपीठाकडे पाहिलं, तर तिथेही एक हात वर!

"आई! तू काय करतेस?"

"सगळ्यांनी केला रे. एकटीनेच खाली ठेवला तर वाईट दिसतं."

सभा संपली, वडे संपले, लोक चिमट्यांची पाकिटं घेऊन खाली उतरले. गच्चीवर आम्ही तिघं आणि कामत. मला खरोखर रडू येत होतं. खोट्या सभेने का होईना, पण मला खरं बोलून काढलं होतं.

"काय ठरलं मग?" कामतांनी विचारलं.

दादाने अहवालाची घडी घालून खिशात ठेवली. "ही माणसं फुकटच्या शेअरवर एवढं विचारतात. पैसे भरून शेअर घेतलेली काय करतील? नको. आपण आहोत ते बरे आहोत."

"उत्तम," मी घाईघाईने म्हणालो. "म्हणजे आजचं सगळं रद्द!"

"इश्यू रद्द," दादा म्हणाला. "ठराव मंजूर. कामत, कागद करा."

दुसऱ्या दिवसापासून माझी नेमणूक स्प्रिंग तपासायला झाली. रोज सकाळी पाचूबंदरला जायचं, मार्थामावशीच्या दोरीवर शंभर चिमटे लावायचे आणि कुठला गंजतो ते वहीत लिहायचं. तीन महिन्यांनी न गंजणारी स्प्रिंग सापडली, आणि शेजारचा गाळा दादाने चिमटे विकूनच घेतला.

पुढे तेजी ओसरली. पानभर जाहिराती देणाऱ्या कित्येक कंपन्यांचे पत्तेसुद्धा लोकांना सापडेनात. आमची मात्र अजून आहे. उद्योजकांच्या कार्यक्रमात दादाला हल्ली भाषणाला बोलावतात आणि हमखास विचारतात, की एवढ्या लहान कंपनीला हे जमलं कसं? भांडवल कुठून उभं केलं?

"भांडवल नाही हो," दादा अगदी मनापासून सांगतो. "प्रकाशला काढला!"